प्रस्तावना : घाट, खाडी आणि कोकणचे राजे

ठाण्यातून उत्तर कोकणचा कारभार पाहणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला तगरपुराचे परमेश्वर म्हणवून घेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तेरणेच्या काठचे हे गाव ठाण्यापासून सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरहून लांब पडते आणि मध्ये सगळा सह्याद्री आडवा आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांनीही 'तगरपुरवराधीश्वर' ही पदवी मिरवली. दोघांपैकी कोणाचीही सत्ता तेरपर्यंत पोचल्याचे दिसत नाही. मग हा मान कशाचा? तो मुळाचा मान आहे. घराणे देशावरून निघाले, त्याच्या शाखा झाल्या, कोणी घाट उतरले, कोणी घाटमाथ्यावरच थांबले; पण जिथून निघालो त्या गावाचे नाव त्यांनी शेकडो वर्षे टाकले नाही. गिरगावात चार पिढ्या काढूनही आडनावातला 'कर' जपणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

आठव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत कोकणात जी राज्ये उभी राहिली ती तशीच का उभी राहिली, हा या पुस्तकाचा विषय आहे. वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या याआधी पुष्कळ छापून झाल्या आहेत. वासुदेव विष्णु मिराशींनी शिलाहारांचे कोरीव लेख एकत्र संपादित करून ठेवले, त्या पायावर उभे राहिल्याशिवाय या विषयाला कोणालाच हात घालता येत नाही. आपला प्रश्न त्यांच्या पुढचा आहे. सोपारा, ठाणे, चौल, गोवा अशी बंदरे हाताशी असताना कोकणातून एकही साम्राज्य का निघाले नाही? आणि साम्राज्य नाही तर नाही, पण चारचारशे वर्षे टिकणारी छोटी राज्ये इथे कशी तगली? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: इथल्या राजाने जमीन कमी आणि वाट जास्त सांभाळली. राज्य वाटेवरचे होते, आणि वाटेवर राज्य करणाऱ्याला दोन्ही टोकांची मर्जी राखावी लागते.

आधी जमीन पाहू. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, मध्ये बहुतेक ठिकाणी पन्नास-साठ किलोमीटरांची पट्टी. तीही सलग नाही. वैतरणा, उल्हास, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, पुढे तेरेखोल, मांडवी, जुवारी अशा नद्या घाटातून सुटतात आणि थोडक्या धावेत रुंद खाड्या होऊन समुद्राला मिळतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे उघडे सडे आणि डोंगराच्या सोंडा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जमिनीवरून जायचे तर प्रत्येक दहा-वीस मैलांवर होडी शोधावी लागे. रेल्वे या पट्टीतून सलग धावू लागली ती 1998 साली, यावरून अडचणीचा अंदाज यावा. म्हणजे कोकणात लांबीच्या दिशेने जाण्याचा खरा रस्ता समुद्राचा होता, आणि रुंदीच्या दिशेने जाण्याचा रस्ता खाडी आणि घाट मिळून बनलेला.

ही दुसरी जोडी नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर चालतो. कोकणातली जुनी बंदरे अगदी समुद्रावर फारशी नाहीत. ती खाडीच्या आत, जिथवर भरतीचे पाणी गलबताला घेऊन जाते तिथे आहेत. महाड, चिपळूण, संगमेश्वर, खारेपाटण, राजापूर ही सगळी गावे अशीच. भरतीबरोबर गलबत वर यायचे, माल उतरायचा, आणि तिथून बैलांचे तांडे घाट चढायचे. कल्याणच्या मागे नाणेघाट आणि वर जुन्नर. चौलच्या मागे बोरघाट. महाडच्या मागे वरंध. चिपळूणच्या मागे कुंभार्ली आणि वर कऱ्हाड. संगमेश्वराच्या मागे आंबा आणि वर कोल्हापूर. गोव्याच्या मागे अनमोडची वाट आणि वर हळशी. प्रत्येक खाडीला तिचा घाट आणि प्रत्येक घाटाला त्याची वरची पेठ. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात. तो खरोखर जकातीचा असो वा नसो, ती कथा तिथेच जन्मावी हे बरोबर आहे.

या वाटेला ऋतूही होता. ज्येष्ठात समुद्र बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत गलबत शाकारलेले; पावसात घाटात बैल घालणेही वेडेपणाचे. तेव्हा राजाच्या तिजोरीत पैसा यायचा तो सात-आठ महिन्यांत. उरलेल्या काळात भात. भाताच्या जोडीला नारळ, सुपारी, मीठ आणि जंगलातले लाकूड हे कोकणचे उत्पन्न, आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरी. माणसे जगायला हे पुरते, पण मोठी फौज पोसायला पुरत नाही. घोडदळाला लागणारी वैरण इथे नाही. ज्वारीचा कडबा घाटावरचा. गंमत अशी की दख्खनच्या सगळ्या फौजांना लागणारा घोडा अरबस्तानातून येऊन उतरायचा इथल्याच धक्क्यांवर. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहून ठेवले आहे की तिथल्या राजाचा चाच्यांशी करार होता: लुटीत जे घोडे सापडतील ते राजाचे, बाकी माल चाच्यांचा. सरकार आणि चाचे यांच्यात इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या काळात झाली असेल.

जमीन कमी देते आणि वाट जास्त देते, याचा पुरावा खुद्द राजांच्या कागदात, म्हणजे ताम्रपटांत आहे. खारेपाटणला वेगवेगळ्या वेळी सापडलेले दोन ताम्रपट मला या संपूर्ण विषयाची किल्ली वाटतात, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबतो.

पहिला शके 930, म्हणजे इ.स. 1008 चा. देणारा दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज. त्यात घराण्याची कथा आहे: मूळ पुरुष सणफुल्ल याला राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने सह्य पर्वत आणि समुद्र यांच्यामधला प्रदेश मिळाला. राज्याची चतुःसीमा सांगायला दोनच नावे पुरली, एक पर्वत आणि एक सागर. पुढे आयपराज नावाच्या राजाला चंद्रपूर, म्हणजे गोव्यातल्या चांदरजवळ नारळाच्या पाण्याने अभिषेक झाल्याचे लिहिले आहे. गंगाजलाची बढाई मारण्याची चाल असलेल्या काळात या घराण्याने शहाळ्याचे पाणी अभिमानाने नोंदवले, हे मला त्यांच्या इतर सगळ्या बिरुदांपेक्षा आवडते. देशावरून आलेले कुटुंब दोन-तीन शतकांत किती कोकणी झाले याची ही साक्ष. आणि दान कशाचे? गावांबरोबरच परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण. कंदलमूलीयाहून येणाऱ्या गलबतामागे एक धरण. चौल आणि चंद्रपूरची गलबते मात्र वगळली. देवळाचा दिवा समुद्रावरच्या करातून जळणार होता. दान घेणारे मत्तमयूर परंपरेचे शैव आचार्य होते. त्यांचे मूळ मठ मध्य भारतात. म्हणजे एका ताम्रपटात घराणे देशावरचे, गुरू माळव्याच्या पलीकडचे, कर परदेशी गलबतांवर, आणि अभिषेक नारळाचा.

दुसरा ताम्रपट शके 1016, इ.स. 1094 चा, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा. यात दान नाही, माफी आहे. बलिपत्तनचे दुर्गश्रेष्ठी यांचे पुत्र भाभण आणि धनम यांचा माल ठाणे, नागपूर (हे कोकणातले), सोपारा, चौल वगैरे बंदरांत येईल तेव्हा त्यावर जकात घेऊ नये, असा हुकूम. भाभण हा श्रेष्ठी, म्हणजे व्यापारी, आणि तोच राजाचा महाप्रधान. घाटावरच्या राज्यांत प्रधान होतो तो बहुधा दंडनायक किंवा पंडित. इथे शेठजी प्रधान आहेत. बंदरांवर जगणाऱ्या राज्यात यापेक्षा वेगळे व्हायचे कारण नव्हते.

आता वाटेची दोन टोके. वरचे टोक घाटावर. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांची पुरी नगरी शेकडो नौकांनी जिंकल्याचे ऐहोळेचा लेख सांगतो, तेव्हापासून हा क्रम चालू आहे: वर एक मोठी सत्ता आली की खाली कोकणात तिचा मांडलिक बसतो. राष्ट्रकूटांच्या काळी शिलाहार त्यांचे निष्ठावंत होते आणि ही निष्ठा नुसती तोंडपुजी नव्हती. चालुक्य तैलपाने 973 मध्ये राष्ट्रकूटांचे राज्य बुडवले. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 997 च्या भादाण ताम्रपटात उत्तर कोकणचा अपराजित गेलेल्या धन्याची सगळी वंशावळ देतो आणि ते राज्य नष्ट झाल्याचा शोक करतो. नव्या धन्याचे नाव तो घेत नाही. याच राजाच्या पदव्यांत 'पश्चिमसमुद्राधिपती' आहे. वरचा आधार तुटला तेव्हा पदवी मात्र फुगली. कोकणच्या ताम्रपटांत हे पुन्हा पुन्हा दिसते आणि वाचकाने पदव्यांची लांबी सत्तेची लांबी समजू नये. दक्षिण कोकणच्या शाखेला तर एवढाही अवकाश मिळाला नाही. रट्टराजाने 1008 मध्ये चालुक्यांचे मांडलिकत्व लिहून दिले, मग झुगारण्याचा प्रयत्न केला, आणि 1024 च्या आत चालुक्य जयसिंहाने ते राज्यच संपवले.

खालचे टोक समुद्राकडचे. तिथून माणसे आली ती वेगवेगळ्या कारणांनी. अरब प्रवासी मसूदी इ.स. 916 मध्ये चौलला होता. तिथे झंझ राजाच्या राज्यात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले, आणि इथेच जन्मलेलेही, असे त्याने नोंदवले. त्यांच्या तंट्यांचा निवाडा करायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीचा 926 चा ताम्रपट याहून पुढचा आहे. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब. नाव मधुमती सुगतिप. मधुमती हे मुहंमदाचे संस्कृत रूप, वडील सहियारहार म्हणजे शहरियार. या गृहस्थाने दोन नद्यांवर नावा चालू केल्या, अन्नछत्र घातले, आणि त्याच्या संमतीने भगवतीच्या मठिकेला जमीन मिळाली. गोव्यातही तेच. कदंब राजा गुहल्लदेवाचे जहाज सोमनाथच्या यात्रेत मोडले तेव्हा मदुमद नावाच्या ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. अकराव्या शतकाच्या मध्यावर त्याचाच नातू सधन हा जयकेशी राजाचा मोठा अधिकारी झाला आणि त्याने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरावर येणाऱ्या गलबतांकडून कर घेण्याची सनद त्याला मिळाली.

हे सगळे वाचून सहिष्णुतेचे प्रशस्तिपत्र लिहायचा मोह होतो. मला तो टाळावासा वाटतो. या राजांनी परक्यांना जागा दिली कारण त्यांच्यावाचून बंदर चालत नव्हते, आणि बंदराशिवाय राज्य चालत नव्हते. हिशेब चोख होता. पण हिशेबाने आलेली माणसे पुढे हिशेबापुरती राहिली नाहीत. त्यांची मुले इथे जन्मली, इथली भाषा बोलू लागली, गावच्या तळ्याला आणि देवळाला पैसे देऊ लागली. संजाणला आलेल्या पारशांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, निदान दुधात साखरेची. ती साखर मात्र 1599 मध्ये लिहिलेल्या 'किस्सा-इ-संजाण' या मूळ आख्यानात नाही. नंतर कोणीतरी घातली. पारशांचे खात्रीचे पाऊल पाहायचे असेल तर कान्हेरीला जावे. तिथल्या लेण्यात 1009 आणि 1021 मधल्या पहलवी लिपीतल्या नोंदी आहेत, बौद्ध लेणी पाहायला आलेल्या जरथुष्ट्री मंडळींनी आपली नावे कोरून ठेवलेल्या. त्याच कान्हेरीत त्याआधी दीडशे वर्षांपूर्वी गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने भिक्षूंसाठी खोल्या बांधून शंभर द्रम्मांची ठेव ठेवली होती. राज्य तेव्हा शिलाहार कपर्दीचे आणि वर राष्ट्रकूट अमोघवर्षाचे.

तिसरे स्थलांतर गाजावाजा न करता झाले. ते शेतकऱ्यांचे. उत्तर कोकणात बिंब राजाने ओसाड मुलूख पाहून पैठण आणि चांपानेरकडून सहासष्ट कुळे आणून वसवली, असे 'महिकावतीची बखर' सांगते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ती 1924 मध्ये छापली आणि तेव्हापासून तिच्यावर वाद आहेत. सन एकमेकांशी जुळत नाहीत, दोन बिंब एकमेकांत मिसळतात. सनावळीसाठी तिच्यावर विसंबू नये, हे माझे स्पष्ट मत. पण कुळे आणून जमीन लावायची ही रीत तिने अचूक टिपली आहे. वसई-केळवे पट्ट्यातले वाडवळ आणि इतर काही समाज आजही आपली परंपरा त्या कुळांशी जोडतात. खाऱ्या जमिनीला बांध घालून ती गोडी करायची, तिच्यात भात घ्यायचा, बांधाच्या बाहेर मिठागर, आत आगर आणि वाडी. हे काम राजाला येत नव्हते; ते या लोकांनी केले. गोव्यात हीच विद्या खाजणांच्या रूपाने दिसते: बांध, त्यातली मानस म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारे, आणि सगळ्याची देखभाल करणारी गावकी. परशुरामाने समुद्र हटवून भूमी काढली या कथेचा अर्थ पंडितांनी नाना प्रकारे लावला. खाजणाच्या बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती फारशी अद्भुत वाटणार नाही.

कोकणातल्या सगळ्याच राज्यांनी एकसारखा डाव खेळला नाही, आणि इथे गोव्याचे कदंब वेगळे उठून दिसतात. त्यांनी घाटाची दोन्ही तोंडे धरली. खाली चंद्रपूर आणि मग जुवारीच्या काठचे गोपकपट्टण, वर हळशीचा मोठा मुलूख. दुसऱ्या जयकेशीला तर कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याने आपली मुलगी मैललदेवी दिली, ती उगाच नव्हे. अनमोडच्या पायथ्याशी रानात असलेले तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ काळ्या, गुळगुळीत दगडाचे आहे. आसपास सगळा जांभा. तो दगड घाट उतरवून आणला असे मानले जाते. ज्याच्या हाती घाट त्याला ते जमले. कोल्हापूरच्या शिलाहारांनीही वरचे तोंड धरून खालच्या बंदरांवर नजर ठेवली, पण पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाला 1212 च्या सुमारास यादव सिंघणाने संपवले. घाटमाथ्यावर बसण्याची ही किंमत: वरच्या फौजा थेट दारात येतात.

उत्तरेच्या शिलाहारांना सह्याद्रीने आणखी अर्धशतक वाचवले. त्या आधीच्या काळात या राज्याने जे केले ते थोडके नाही. अंबरनाथचे देऊळ शके 982 चे, मुम्मुणीच्या वेळचे. अपरादित्य या राजाच्या नावावर असलेली याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका काश्मिरात प्रमाण मानली जात होती, आणि कोकणच्या राजाचा वकील काश्मिरातल्या पंडितसभेत बसल्याचे मंखाच्या काव्यात आहे. शेवटचा सोमेश्वर 1265 च्या सुमारास यादव महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्याचे वर्णन केले आहे. बोरिवलीतल्या एक्सरच्या वीरगळांवर नौकायुद्धाची जी दृश्ये आहेत ती याच लढाईची, असे काही अभ्यासक मानतात. यादव घाटावरचे, पण कोकण घ्यायचे तर त्यांनाही शेवटी होड्यांत बसावे लागले.

यादव गेले, दिल्लीची आणि मग बहमनी सत्ता आली, पण डोंगर तिथेच होते. 1453 च्या सुमारास बहमनींचा सरदार खलफ हसन विशाळगडाकडच्या रानात शिर्के आणि मोरे यांच्या हाती सापडून फौजेसह कापला गेला. पुढे महमूद गावानने अनेक मोहिमा करून विशाळगड घेतला आणि मग गोवा. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर समुद्रावरचा जकातदार बदलला, तिथे हे पुस्तक थांबते.

वाचकांना दोन सूचना. प्रकरणे कालक्रमाने नाहीत, उत्तरेकडून दक्षिणेकडे खाडीवार लावली आहेत. तेव्हा कोकणचा नकाशा शेजारी असावा, आणि तो घाटांची नावे असलेला असावा. दुसरी सूचना जरा मोठी आहे. शिलाहारांपासूनचे गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी घालणारे, वर चंद्र-सूर्य कोरलेले शिलालेख, कोकणात अजूनही बांधावर, विहिरीच्या काठाला, देवळाच्या पायरीत पडून आहेत. काहींवर शेंदूर, काहींवर ऑइलपेंट, काही नव्या सभामंडपाच्या सिमेंटात गेले. आपल्या गावात असा दगड असेल तर त्याला रंग लावू नका, अक्षरे उठून दिसावीत म्हणून खिळ्याने खरवडू नका, जागेवरून हलवू नका. फोटो काढा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या इतिहास मंडळाला कळवा.